रीस ब्रॅमॉलचे मागे जाणारे पाऊल

मेक्सबरो, ११ जानेवारी

प्रिय विल्फ,

या पत्रातून मला तीन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत. पहिली: रीस ब्रॅमॉल हा आज उत्तर इंग्लंडमधला सर्वांत चांगला तरुण मिडलवेट मुष्टियोद्धा आहे आणि दोन-तीन वर्षांत ब्रिटिश विजेतेपद त्याच्या आवाक्यात येईल. दुसरी: त्याच्या पलीकडे तो जाणार नाही. तिसरी, आणि तातडीची: मार्लन ओसेईविरुद्धची इंग्लिश विजेतेपदाची, म्हणजे ब्रिटिशच्या एक पायरी खालची, लढत त्याने येत्या वसंतात स्वीकारू नये. तिसरे विधान दुसऱ्यावर उभे आहे, म्हणून ती क्रमानेच वाचावीस.

चार वर्षांनी लिहिते आहे, पण त्याबद्दल प्रास्ताविक करत नाही. नाताळनंतर जॅनेटचा कॅनडातून, नोव्हा स्कोशियाहून, फोन आला. रीस म्हणतो की विल्फ सांगतील तसे करीन, तू म्हणतोस की मोबाइलच्या पडद्यावर तुला धड काही दिसत नाही, आणि म्हणून, जॅनेटच्या शब्दांत, "बाबा म्हणतात एनी आत्याला विचार, ती देवदूतातसुद्धा खोट काढेल." हे मी शिफारसपत्र म्हणून स्वीकारले आहे. आयोजक कॅसिडी यांना महिनाअखेर उत्तर हवे आहे आणि असा देकार आपण दोनदा देत नाही, असे त्यांनी रीसच्या प्रशिक्षकाला, डॉनीला, स्पष्ट सांगितले आहे. रीस जिंकला तर पोटासाठी छपरे दुरुस्त करत फिरण्यातून त्याची सुटका होईल. पडला, आणि ओसेईने पाडावे तसा पडला, तर कॅसिडी त्याला पुन्हा विचारणार नाहीत. ओसेईने ज्यांना झोपवले त्यांच्यातले दोघे आज टॅक्सी चालवतात.

तुला ठाऊक असलेलेही मी लिहिणार आहे. गृहीतके कागदावर मांडल्याखेरीज युक्तिवाद करण्याची मला सवय नाही, आणि या वयात ती लावून घेण्याचा विचारही नाही.

प्रथम जमेची बाजू. त्याचा सरळ डावा ठोसा तू शिकवलास तसाच आहे, फक्त अधिक शांत झाला आहे. पूर्वी तो डावा हात प्रतिस्पर्ध्याला मारण्यासाठी फेकायचा. आता तो त्या हाताने दार वाजवून आत कोण आहे ते पाहतो. पाय छपरावर काम करणाऱ्याचे आहेत. ओल्या स्लेटच्या कौलांवर आयुष्य काढलेला माणूस वजन कोठे ठेवायचे हे डोक्याला विचारत बसत नाही. दम भरपूर आहे. हनुवटीची परीक्षा लीड्सला झाली: डब्लिनच्या एका दांडगटाने दुसऱ्या फेरीत त्याला खाली बसवले. पंचांची मोजणी चालू असताना रीस गुडघ्यावरून डॉनीकडे पाहत होता. घाबरला असेल असे मला वाटले. कोपऱ्यात आल्यावर त्याने डॉनीला पहिला प्रश्न विचारला तो असा, "व्हॅनला कुलूप लावलं होतं ना रे?" ती फेरी सोडून उरलेल्या सगळ्या त्यानेच जिंकल्या.

स्वभावाविषयीही तक्रार नाही. जिममधल्या लहान मुलांना तो हाताच्या पट्ट्या बांधून देतो, स्वतःच्या पट्ट्या स्वतः धुतो, आणि तिकिटे विकायला दारोदार फिरताना कोणाकडे दोनदा जात नाही.

आता उणे बाजू. ती एकच आहे, पण मूलभूत आहे.

गेल्या हिवाळ्यात बार्न्सलीला सहा फेऱ्यांची लढत होती. पाहुण्या कोपऱ्यात वॉल्सॉलचा लेस पोव्ही. म्हणजे दर शनिवारी दुसऱ्याच्या गावी जाऊन गुणांवर हरणारा आणि धडधाकट घरी परतणारा जुना गडी. पाचव्या फेरीत रीसचा वळता डावा त्याच्या बरगडीखाली बसला. पोव्हीची कोपरे खाली आली, तोंड उघडले, पाठ दोरांना टेकली. सभागृह उठून उभे राहिले; माझ्या मागचा इसम "संपव त्याला, रीस" म्हणून माझ्या खांद्यावरून ओरडत होता. रीस एक पाऊल मागे आला. त्याने त्या माणसाला श्वास घेऊ दिला आणि घंटा होईपर्यंत नुसत्या डाव्या हाताने त्याला चाचपत राहिला. पुढे रॉदरहॅमला हेच घडले. हल शहरात पुन्हा हेच. एकदा घडले असते तर मी योगायोग म्हटले असते. तीनदा, तीन निरनिराळ्या माणसांसमोर, घडलेली गोष्ट हा स्वभाव असतो.

निष्कर्ष उघड आहे. हाती आलेला माणूस संपवण्याची वृत्ती त्याच्यात नाही. ब्रिटिश पातळीपर्यंत नुसत्या कौशल्यावर चालेल, त्याच्या वर चालणार नाही. आणि ओसेईसमोर तर मुळीच नाही, कारण ओसेई आजवर दोनदा डळमळला आणि दोन्ही वेळा त्याला सावरायला अवधी देणाऱ्याला त्याने पुढच्याच फेरीत झोपवले.

डॉनी पिंडरला हे पटत नाही. तू गेल्यापासून रीसची तालीम तोच घेतो, हे जॅनेटने सांगितले असेलच. मी माझे म्हणणे मांडले तेव्हा तो बादली घासत होता. म्हणाला, "जजबाई, पोरगं अकरापैकी अकरा जिंकलंय. तुम्ही बिनसाखरेचा चहा प्यायल्यासारखं तोंड का करता?" मी त्याला सांगितले की मी चहा बिनसाखरेचाच पिते.

चार वर्षांपूर्वीच्या ठरावाविषयी या पत्रात लिहीत नाही. तो मी मांडला, तो योग्य होता आणि तो मंजूर झाला.

उत्तर महिनाअखेरीच्या आत यावे.

एनिड


मेक्सबरो, २४ जानेवारी

प्रिय विल्फ,

दीपगृहाचे चित्र असलेले तुझे कार्ड मिळाले. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि उजव्याची मार्चमध्ये आहे, हे वाचून बरे वाटले. बाकी मजकूर एका ओळीचा: "पोरालाच विचारलंस का?"

नाही, विचारले नव्हते. त्याला कारण होते. आपल्या हेतूविषयी माणसाची स्वतःची साक्ष ही सर्वांत कच्ची साक्ष असते, हे मी आयुष्यभर न्यायालयात पाहिले आहे. माणसे खोटे बोलतात म्हणून नव्हे; त्यांना स्वतःलाच ठाऊक नसते म्हणून. तरीही तू विचारलेस, म्हणून मी विचारले.

संधी आपसूक आली. वाऱ्याने माझ्या स्वयंपाकघरावरच्या काही स्लेट सरकल्या होत्या आणि रविवारी रीस त्या बसवायला आला. काम झाल्यावर मी त्याला चहा आणि आल्याचा केक दिला. केक त्याने नाकारला, वजनाचे कारण सांगून. मग पाच मिनिटे त्या केककडेच पाहत बसला.

मी म्हटले, "रीस, एक प्रश्न विचारते. सरळ उत्तर दे."

"विचारा की, बाई. वर काही फोडलं का मी?"

"बार्न्सलीला पाचव्या फेरीत लेस पोव्ही दोरांना टेकला होता. तू मागे का आलास?"

त्याने कप बशीत ठेवला. उत्तर शोधत नव्हता. ते मला सांगावे की नाही याचा विचार करत होता.

"त्याला पुढच्या शनिवारी डडलीला जायचं होतं, बाई."

"मग?"

"डडलीला सहा फेऱ्या. नंतर स्टोकला. पंचांनी त्याला मध्येच थांबवला असता, तर बॉक्सिंग मंडळानं महिनाभर घरी बसवला असता ना. दोन पोरी आहेत त्याच्या. मी जिंकतच होतो. मग कशाला?"

"रॉदरहॅमला?"

"तेच."

"आणि हल शहरात?"

"हलवाल्याचं तर घराचं काम निघालेलं. तुमच्यासारखंच, छप्पर." तो किंचित हसला. "ती माणसं कामावर आलेली असतात, बाई. विल्फ सांगायचे, कामावर आलेल्या माणसाला त्याच्या पायांनी घरी जाऊ दे."

अशा वेळी मी कोणता प्रश्न विचारणार हे तुला ठाऊक आहे; तोच मी विचारला: हे कोणाशी आधी ठरलेले असते का. त्याला राग आला, आणि तो आलेला पाहून मला बरे वाटले. म्हणाला, असे कोणी बोलत नाही, कोणी ठरवत नाही, आणि पोव्हीने पहिल्याच फेरीत दिलेल्या ठोशाने त्याची दाढ अजून ठणकते आहे. "तो फुकट काही देत नाही, बाई. मीपण फुकट काही घेत नाही. फक्त नको तेवढं घेत नाही."

आता माझी बाजू. थांबवल्या गेलेल्या मुष्टियोद्ध्याला मंडळ किमान चार आठवडे रिंगणात उतरू देत नाही, हा नियम मला ठाऊक नव्हता असे नाही. दर जानेवारीत जिममध्ये नव्याने आलेल्या मुलांना नियम वाचून दाखवण्याचे काम माझेच आहे, आणि हा नियम याच महिन्यात मी मोठ्याने वाचला होता. नियम माझ्या एका खिशात होता आणि निरीक्षण दुसऱ्या. दोन्ही एकदम बाहेर काढावीत हे सुचले नाही.

तेव्हा माझे गृहीतक कोसळले, हे मान्य. वृत्ती नाही असे नव्हे. त्याने ती आवरून धरली आहे. परंतु निष्कर्ष तसाच उभा राहतो, फक्त त्याच्याखालचा खांब बदलतो. मागे येण्याचे कारण मनात असते, पण पाऊल पायात असते. वर्षभर दया म्हणून मागे आलेला पाय ओसेईसमोर, क्षणाच्या दहाव्या हिश्शात, आधी कारण विचारेल असे मानायला आधार नाही. पाय सवयीने चालतात.

म्हणून माझा सल्ला तोच आहे. त्याला नाही म्हणायला सांग.

एनिड

ता. क. केक शेवटी त्याने नेला. आईसाठी, असे म्हणाला.


मेक्सबरो, २ मार्च

प्रिय विल्फ,

तू त्याला हो म्हणायला सांगितलेस. तेही फोनवर, माझे दुसरे पत्र पोचल्याच्या दिवशीच, आणि जॅनेट म्हणते, हसत. मी प्रदीर्घ युक्तिवाद करून पोचले त्या निष्कर्षाच्या बरोबर उलट निष्कर्षाला तू एका वाक्यात पोचलास. "त्याला ठाऊक आहे ना मागे का येतो ते, मग पुरे." याला युक्तिवाद म्हणत नाहीत. पण करार झाला आहे, जाहिरात जिममध्ये चहाच्या भांड्यामागच्या भिंतीवर लागली आहे आणि लढत अठरा एप्रिलला डोन्कास्टरला आहे. त्यामुळे आता विरोध नोंदवून मी कामाला लागले आहे.

तयारी चांगली चालली आहे, हे मी नाइलाजाने लिहिते. डॉनीने सरावासाठी ज्याला आणले त्याचे नाव वाचून तुला हसू येईल: लेस पोव्ही. तो वॉल्सॉलहून गाडीने येतो, दोन दिवस रीसच्या आईकडे राहतो आणि शनिवारी आपल्या कामाला जातो. ओसेई जसा उजवा हात राखून ठेवतो, तसा हुबेहूब राखून दाखवतो. इतक्या वर्षांत इतक्या लोकांचा मार खाल्ला आहे की कोणाचीही नक्कल करू शकतो, असे त्याचेच म्हणणे.

ओळख करून दिली तेव्हा त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हीच का त्या बाई? मला पाडलं नाही म्हणून पोरावर खटला भरलेल्या?"

मी म्हटले, खटला नव्हे, अभिप्राय.

"बरं झालं. बायको म्हणाली, कोर्टात बोलावलं तर सांगा, पोरगं गुन्हेगार आहे; माझा हा चेहरा आहे तसाच ठेवला त्यानं."

डॉनी दोरांवर ओणवा होऊन हसत होता. मीही हसले असावे, कारण दुसऱ्या दिवशी जिममध्ये त्याची चर्चा होती.

मात्र एक चिंतेची गोष्ट नोंदवते. सरावात एकदा पोव्ही दोरांना टेकला, तोंड उघडून. रीस मागे आला. सरावात मागे येणे हे सौजन्यच, हे मला समजते. पण पाऊल तेच होते, त्याच लांबीचे, आणि विचार न करता पडलेले. मी डॉनीकडे पाहिले. डॉनीने माझ्याकडे पाहायचे टाळले.

आता ठराव. नव्या कार्डावर तू "मी त्या ठरावासकट खुशाल आहे" असे लिहिले आहेस, म्हणजे विषय तू काढला आहेस. ग्रिम्सबीला आपल्या जिममधल्या एका मुलाची भुवई फाटली होती आणि पंचांनी बोट दाखवेपर्यंत तुला ती दिसली नव्हती. कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाचे ते पहिले काम असते. म्हणून मी जिमच्या समितीपुढे मांडले की विल्फ हेपवर्थ यांनी कोपऱ्यात बसू नये. इथवर ऐकून तू टोपी उचललीस आणि दार आपटून गेलास. महिनाभरात जॅनेटकडे जाऊन पोचलास. वाक्य तिथे संपत नव्हते. पुढचे शब्द होते, "त्यांची दृष्टी सुधारेपर्यंत." मी ते वाचले. खोलीतल्या सर्वांनी ऐकले, तुझ्याखेरीज. हा ठराव मांडल्याबद्दल मी माफी मागत नाही. वाक्याची रचना उलट केली असती तर तू शेवटपर्यंत थांबला असतास का, याचा विचार मात्र मी अधूनमधून करते.

उजव्या डोळ्याचे झाले की शल्यविशारदांचे प्रमाणपत्र पाठव. समितीला पुरावा लागतो.

एनिड


मेक्सबरो, २० एप्रिल

प्रिय विल्फ,

लढत तू पाहिलीस, निकाल तुला ठाऊक आहे आणि त्यानंतरच्या संभाषणात तू स्वतः हजर होतास. तरीही सारे क्रमाने नोंदवते, कारण जे मी सिद्ध करायला निघाले होते त्याचे पुढे काय झाले हे नोंदवल्याखेरीज हा विषय संपत नाही.

ओसेई अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. शांत, रुंद, पायांवर हलका. टॉटनहॅमहून दोन बस भरून माणसे आली होती आणि ती रीतसर गात होती. पहिल्या तीन फेऱ्या रीसच्या डाव्या हाताच्या. चौथीत ओसेईचा उजवा त्याच्या कानशिलावर आला आणि रीस एका गुडघ्यावर गेला. त्याची आई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझे मनगट धरले ते नवव्या मोजणीपर्यंत सोडले नाही. खूण अजून आहे. तो उठला. कोपऱ्यात आल्यावर त्याने डॉनीला व्हॅनविषयी विचारले का, हे मी नंतर चौकशी करून घेतले. विचारले होते.

पाचवी आणि सहावी त्याने सावधपणे काढली. सातवीत, मिनिटभर उरले असताना, वळता डावा ओसेईच्या बरगडीखाली बसला. मी बार्न्सलीलाच बसले आहे असे मला वाटले. कोपरे खाली आली. तोंड उघडले. पाठ दोरांना टेकली. सगळे सभागृह उठले.

रीस एक पाऊल मागे आला.

त्या क्षणी मला समाधान वाटले, आणि ते वाटलेले मला आवडले नाही. तीन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलेले वाक्य माझ्या डोळ्यांसमोर खरे होत होते: पाय सवयीने चालतात. घंटा झाली. ओसेई आपल्या कोपऱ्याकडे चालत गेला; त्याचे पाय बऱ्यापैकी सरळ पडत होते. आता याला सावरायला अवधी मिळाला, आणि त्यानंतरच्या फेरीत ओसेई काय करतो ते आपण दोनदा पाहिलेले आहे, असे मी मनाशी म्हणाले.

मग मी जे केले ते आजवर कधी केले नव्हते. मी उठले, दोन पावले पुढे गेले आणि न्यायालयात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून जो आवाज कमावला होता तो काढून म्हणाले, "रीस, त्या माणसाला पुढच्या शनिवारी कामावर जायचं नाही."

डॉनीच्या हातातला ओला स्पंज थांबला. "ऐकलंस ना, पोरा? जजबाईंचा निकाल आहे." रीस दातांवरचे रबरी कवच चावत माझ्याकडे वळला आणि त्याने मान हलवली. आईने मला ओढून खाली बसवले.

आठवीत तोच ठोसा, त्याच जागी. तेच तोंड, तेच दोर. या वेळी तो मागे आला नाही. आत गेला, डावा, उजवा, डावा. चौथा मारायच्या आत पंच मध्ये पडले आणि त्यांनी ओसेईला मिठीत घेतले. इंग्लिश विजेता, मेक्सबरोचा. ओसेई शुद्धीवर आणि पायांवर होता. नंतर येऊन त्याने रीसच्या आईच्या गालाचे चुंबन घेतले आणि तिचा पोरगा बेक्कार मारतो अशी तक्रार केली.

रिंगणापासून ड्रेसिंग रूमपर्यंतचा बोळ लांब आहे. तो चालताना माझी अशी खात्री होती की ही लढत माझ्या वाक्याने जिंकली. मी हे कोणाला बोलून दाखवले नाही. चालण्यात दिसले असेल.

आत गेले तर डॉनीचा फोन वाजत होता. त्याने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमच्यासाठी आहे." चार वर्षांत तुझा आवाज प्रथम ऐकला. हॅलो नाही, अभिनंदन नाही.

"एनी, सातव्यात त्याचा उजवा पाहिलास का?"

"कोणाचा?"

"ओसेईचा गं. तोंड उघडं, कोपरं खाली, सगळं नाटक व्यवस्थित. पण उजवी मूठ हनुवटीला चिकटून. वाट बघत होता तो. पोरगं आत गेलं असतं ना, तर आज आपण हळू आवाजात बोललो असतो."

मी फोन कानाला तसाच धरून रीसला विचारले की सातव्या फेरीत तू मागे का आलास. त्याच्या कानशिलावर बर्फाची पिशवी होती. तो म्हणाला, "तो दुखल्याचं सोंग करत होता, बाई. उजवा तयार होता त्याचा. पोव्हीनं दहादा दाखवलं होतं, तस्सं." मग त्याचे लक्ष फोनकडे गेले. "विल्फना दिसलं होय ते? तिकडून?"

"आणि आठव्या फेरीत?"

"आठव्यात मूठ खाली आली. खरंच लागलं होतं तेव्हा."

"मग मी जे वाक्य म्हणाले..."

"ऐकलं की, बाई. बरं वाटलं." तो मला दुखवू नये म्हणून शब्द निवडत होता, हे स्पष्ट दिसत होते. "पण ओसेईला शनिवारी काम नाही, हे मला माहीतच होतं ना."

डॉनी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. फोनमधून तुझे हसणे येत होते, खोकल्यासारखे, वडिलांचे असायचे तसे. मी तिसऱ्या रांगेत होते. तू समुद्रापलीकडे, हाताएवढ्या पडद्यासमोर. ज्या मुठीवर सगळी लढत लटकली होती ती तुला दिसली. मला नाही.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी चिप्स आणि ग्रेव्ही खाल्ली. रीसने आल्याचा केकही खाल्ला, अख्खा. मी तो पिशवीतून नेला होता. निकाल काहीही लागला तरी त्याला लागेल असे वाटले होते.

आता हिशेब.

पहिले विधान सिद्ध झाले आहे. तिसरे घटनेने खोडले. घटनेने खोडलेले विधान तर्काने चूक असतेच असे नाही, पण या वेळी होते. दुसरे, की ब्रिटिश विजेतेपदाच्या पलीकडे तो जाणार नाही, हे मी मागे घेत नाही, स्थगित ठेवते. दया कोठे करायची आणि सापळा कोठे ओळखायचा हे एकाच पावलात ज्याला जमते, तो कोठवर जाईल याचे माप माझ्याजवळ नाही. तुझ्याजवळ असेल तर येऊन सांग.

त्याविषयीच पुढचे. काल समितीची बैठक झाली. मी सूचना मांडली की विल्फ हेपवर्थ यांची दृष्टी सुधारली असल्याने त्यांनी पुन्हा कोपऱ्यात बसावे. या वेळी "सुधारली असल्याने" हे शब्द मी आधी ठेवले. डॉनीने अनुमोदन दिले. कोणीतरी नियमाप्रमाणे पुरावा मागितला. तुझे प्रमाणपत्र अजून आलेले नाही, म्हणून मी सातवी फेरी सादर केली. विरोधात कोणी नाही.

कॅसिडी म्हणतात, ब्रिटिश विजेतेपदासाठीची पुढची पायरी सप्टेंबरात. जूनपर्यंत आलास तर तयारीला वेळ मिळेल. मागच्या खोलीतली गादी मी उन्हात टाकली आहे, आणि त्या खोलीवरच्या स्लेट रीसने काल सकाळी, सुजलेल्या कानशिलासह, तपासल्या. गळत नाही.

राहता राहिली कबुली. ती सही करून देते, म्हणजे जॅनेटला फोनवर तोंडी सांगून तिचे वजन कमी करण्याचा मोह मला होणार नाही.

मी, एनिड हेपवर्थ, मान्य करते की एका माणसाला चार लढतींत मागे जाताना पाहून, प्रत्येक वेळी त्या पावलाला एकच कारण असणार असे मी गृहीत धरले. एक कारण खोटे ठरले तेव्हा त्याच्या जागी पुन्हा एकच ठेवले. आणि दोन्ही वेळा, पायांकडे इतके निरखून पाहत असल्यामुळे, समोरच्या माणसाचा हात पाहायचा राहून गेला. चूक एकच आहे. बाकी सर्व तिच्यातूनच निघाले.

एनिड हेपवर्थ
मेक्सबरो